आधी ट्रॅक, मग कटर, रंग सगळ्यात शेवटी

पत्र

नमस्कार काका,

मी मुलुंडला राहतो, वय २८. बाबांची २००७ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, चंदेरी रंगाची, आमच्या बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. १५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनीच रजिस्ट्रेशन २०२७ पर्यंत वाढवून घेतलं होतं. मला या गाडीची ट्रॅक कार करायची आहे. साडेतीन लाख रुपये बाजूला ठेवलेत. बेत असा आहे: आधी अख्खी गाडी नारिंगी रंगवायची, म्हणजे पुढच्या कामाला हुरूप येईल. रंगकाम पार्किंगमध्येच, छोटा कॉम्प्रेसर आणून. मग मागची सीट, कार्पेट काढून रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, बसवायचा. एक फॅब्रिकेटर ग्रिलच्या पाइपात स्वस्तात करून देतो म्हणतो. मारुती एसएक्स-फोरचं १.६ इंजिनही बघून ठेवलंय. सोमवार ते शुक्रवार याच गाडीनं ऐरोलीला ऑफिसला जाईन. ट्रॅकवर अजून कधी गेलेलो नाही. तोवर रात्री पाम बीच रोडवर सराव करावा म्हणतो. आई मात्र म्हणते, "बाबांची गाडी कापू नकोस." तिला कसं समजावू? आणि सुरुवात कुठून करू?

— मुलुंडचा एक वाचक

उत्तर

प्रिय मित्रा,

तुझ्या बेतातल्या बऱ्याच गोष्टी होण्यासारख्या आहेत, पण क्रम पूर्ण उलटा लागलाय. रंग सगळ्यात शेवटी येतो. रंगाच्या आधी केज, केजच्या आधी गंज, गंजाच्या आधी गाडी सोलणं. आणि या सगळ्याच्या आधी ट्रॅकवरचा एक दिवस, तोही आज जशी आहे तशाच गाडीत. तो दिवस होईपर्यंत गाडीला कटर लावू नकोस. एवढी एक गोष्ट ऐकलीस तरी बाकीच्या चुका निस्तरता येतील. नटबोल्ट खोलले तर परत बसवता येतात, कापलेला पत्रा मात्र कापलेलाच राहतो.

अर्धवट सोललेल्या गाड्या मुंबईत कितीतरी पार्किंगमध्ये पडून आहेत. सुरुवात दणक्यात होते, दोन रविवारांत सीटा, कार्पेट, डॅशबोर्ड बाहेर येतो, फोटो निघतात. मग पावसाळा येतो, पैसे संपतात, पार्किंगवरून कमिटीची चिठ्ठी येते आणि एक दिवस भंगारवाला वजनावर भाव करतो. या गाड्यांच्या बहुतेक मालकांनी ट्रॅकचं तोंड पाहिलेलं नसतं, त्यामुळे आपल्या गाडीला नक्की काय कमी पडतंय हे त्यांना कळलेलंच नसतं. ब्रेक कमी पडतात की टायर, की आपलं स्वतःचं कसब, हे पार्किंगमध्ये उभं राहून ठरवता येत नाही.

तू मुलुंडचा आहेस, म्हणून एक गोष्ट सांगतो. पनवेलहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ चेन्नईला पोचायच्या थोडं आधी श्रीपेरुंबुदूरवरून जातो. तिथंच इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचं सर्किट आहे, सुमारे ३.७ किलोमीटरचं, १९९० पासूनचं. म्हणजे तुझ्या घराजवळून निघणारा रस्ता तेराशे किलोमीटरवर थेट ट्रॅकशी जातो. दुसरं कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला, कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचं. मारुती ८०० चं इंजिन लावून 'फॉर्म्युला मारुती' ही एकआसनी रेसकार बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. त्याच फॉर्म्युला मारुतीतून भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन याच्यासारखे ड्रायव्हर पुढे आले. आठशे सीसीवर शिकून माणूस कुठवर जातो ते त्यावरून बघ. तुझ्याकडे १३०० सीसीचं, ८७ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे आणि गाडी साधारण टनभर वजनाची. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. मला विचारशील तर आधी कारीला जा. छोटं सर्किट आहे, सरळ पट्टा लांबलचक नाही, नव्या माणसाला वळणं लवकर पाठ होतात. सर्किट रोज सगळ्यांना खुली नसतात. ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी आणून ट्रॅकवर चालवायचे दिवस, जाहीर होतात तेव्हा आधी नाव नोंदवावं लागतं.

या पहिल्या दिवसासाठी गाडीत जे करायचं ते सगळं बोल्टनं लागणारं आणि बोल्टनं निघणारं आहे. सुरुवात ब्रेकपासून. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट-३ कोरडं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. ट्रॅकवर चार फेऱ्यांत ब्रेक तेवढे तापू शकतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून जुनं सगळं काढून नवं डॉट-४ भर, चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, नीट करून घे. सिलिकॉनवालं डॉट-५ मात्र घेऊ नकोस. ते नेहमीच्या ऑइलात मिसळत नाही. पुढचे पॅड नवे, डिस्कवर ओठ आला असेल तर डिस्कही नवी, मागचे लायनर आणि व्हील सिलिंडर खोलून बघ. १८ वर्षांच्या गाडीत लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि इंजिनाचे माउंटिंग थकलेले असणारच. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी उभी राहिली असेल तर नक्षी नवी दिसते पण रबर दगड झालेलं असतं, तेव्हा आकडा वाच. तुझ्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. तो कधी बदलला याची पावती घरात सापडली नाही तर बदलून टाक. कूलंट, रेडिएटरचे पाइप, थर्मोस्टॅट. ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला हवी, कारण जोरात वळताना ऑइल इंजिनाच्या तळच्या टाकीत एका कडेला जातं आणि पंप कोरडा पडू शकतो.

हेल्मेट चांगलं घे. गाडीच्या रेससाठीचं हेल्मेट आणि मोटरसायकलचं हेल्मेट यांत फरक आहे: गाडीवाल्या हेल्मेटच्या अस्तराची आगीची चाचणी झालेली असते. ट्रॅक डेला बऱ्याचदा कोणतंही चांगलं फुलफेस चालतं, तरी नियम आधी विचार. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. एक फेरी गरम होण्यासाठी, तीन-चार जोरात, एक थंड होण्यासाठी, मग पिटमध्ये. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लाव. चाकांचे नट गार झाल्यावर पुन्हा आवळ. त्याच गाडीनं तेराशे किलोमीटर परत घरी यायचंय, तेव्हा पॅडचा एक जादा सेट डिकीत असू दे.

पाम बीच रोड. नाही. एकदाही नाही. रात्री तिथं चालणारी माणसं असतात, सिग्नलवरून वळणारे रिक्षावाले असतात, पाळीवरून घरी जाणारे असतात. ट्रॅकवर बाहेर जायला मोकळी जागा असते, मार्शल असतो, रुग्णवाहिका असते आणि समोरून कुणी येत नाही. रस्त्यावर यातलं काहीच नाही. रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडल्यास वर्षापर्यंत कैद. पण मी कायद्याच्या धाकानं सांगत नाहीये. तू शिकायचं म्हणतोस आणि रस्त्यावर शिकता येत नाही, एवढंच. तिथं कधीही ब्रेकच्या शेवटच्या टोकापर्यंत जाता येत नाही, आणि गेलास तर फार उशीर झालेला असतो.

आता आईबद्दल. तिला कसं समजावू, असं विचारलंयस. आधी हे सांग की आरसी कुणाच्या नावावर आहे? पत्रावरून वाटतं, अजून बाबांच्याच. मालक गेल्यावर वारसानं तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. तसं झालं नसेल तर आधी आरटीओ. त्यासाठी इतर वारसांची संमती लागते, म्हणजे आईची सही लागते. याचा अर्थ नीट बघ: ती गाडी अजून एकट्या तुझी नाही. विमाही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा, नाहीतर दावा करताना अडशील. तेव्हा हे समजावण्याचं प्रकरण नाही, विचारण्याचं आहे. ती "कापू नकोस" म्हणतेय. "चालवू नकोस" म्हणत नाहीये. या दोन्हींत मोठी जागा आहे, आणि वर सांगितलेलं ट्रॅक डेचं सगळं काम त्या जागेत बसतं. बाबांची गाडी दोन वर्षं धूळ खात उभी होती, ती ब्रेक, बुश, बेल्ट नवे होऊन पुन्हा धावायला लागली तर तिला काय वाटेल हे मी सांगू शकत नाही, तूच बघ. शक्य असेल तर काम झाल्यावर पहिली फेरी तिला शेजारी बसवून मार. ठाण्याच्या तलावपाळीपर्यंत, हळू.

आणि कधी काळी खरंच कापायची वेळ आली, आणि आई तेव्हाही नको म्हणाली, तर दुसरी जुनी स्विफ्ट घे. या मॉडेलच्या गाड्या अजून मिळतात. बाबांची गाडी एकच आहे.

ऑफिस आणि ट्रॅक एकाच गाडीत हवं म्हणतोस, तेही आत्ताच मिटवू. कलम ५२ नुसार आरसीत लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी दिसेल अशी फेरफार मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. बेकायदा बदलाला कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मागची सीट काढली की पाच आसनांची नोंद खोटी ठरते. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर झालेलं नुकसान तुझ्याच खिशातून. पण कायदा बाजूला ठेव, यात एक शरीराचं कारण आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केज असलेल्या गाडीत हेल्मेटशिवाय बसणं धोक्याचं असतं. नेहमीच्या तीन-बिंदू बेल्टमध्ये धडकेच्या वेळी डोकं पुढे, बाजूला बरंच झुकतं, आणि तिथं आता स्टीलचा पाइप आहे. ऐरोलीच्या सिग्नलवर मागून बसलेला साधा धक्काही त्यामुळे जिवावर बेतू शकतो. तीच गोष्ट चार-बिंदू हार्नेसची, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या रेसच्या पट्ट्यांची: मूळ सीटवर तो लावलास तर धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं. म्हणून रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत केज नाही, हार्नेस नाही. मध्यममार्ग काढायला गेलास तर रस्त्यावर वाईट आणि ट्रॅकवरही वाईट अशी गाडी हाती येईल.

बाबांनी २०२७ पर्यंत वाढवलेलं रजिस्ट्रेशन इथं कामाला येतं. तोवर गाडी मूळ रूपात ठेव, ऑफिसला ने, वर्षातून जमतील तेवढे ट्रॅक डे कर. २०२७ ला ठरव. पुन्हा नूतनीकरण हवं असेल तर तपासणीला ती मूळ रूपातच जावी लागेल. ट्रॅकपुरतीच करायची असेल तर कलम ५५ खाली रजिस्ट्रेशन रद्द करून घे, आणि त्यानंतर ती ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवरूनच हलेल. तेराशे किलोमीटरचं फ्लॅटबेडचं भाडं आजच दोन ठिकाणी विचारून ठेव. तो आकडा ऐकून बरेच जण निर्णय बदलतात.

एसएक्स-फोरचं इंजिन राहू दे. वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), माउंटिंग, आरसीतला इंजिन नंबर, सगळ्याला हात लावावा लागेल आणि साडेतीन लाखांतला मोठा वाटा गिळून ते तुला सरळ रस्त्यावर थोडं पुढे नेईल. ते पैसे टायर, ब्रेक आणि ट्रॅकच्या फीला ठेव.

समज, २०२७ आलं, आईनं होकार दिला, तुझे हातही ट्रॅकवर बसलेत. मग पुढचं वाच.

पार्किंगमध्ये फक्त खोलाखोली आणि जोडाजोड कर, तीही कमिटीला लेखी कळवून आणि दिवसाच्या वेळात. स्टिल्टमध्ये बहुधा पेव्हर ब्लॉक असतात. जॅक आणि घोडी, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचा स्टँड, त्यावर थेट ठेवलीस तर तिरकी होते. खाली जाड प्लायवूडचा तुकडा हवा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. वेल्डिंग आणि फवारणी तिथं नाहीच. वर माणसं राहतात. त्यासाठी कळवा, भिवंडी किंवा तळोजाकडे तीन-चार महिन्यांसाठी एखादा गाळा भाड्यानं घे, नाहीतर ओळखीच्या गॅरेजमध्ये जागा माग. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि मूळ सीट, कार्पेट, दरवाज्यांची पॅनेलं घरच्या माळ्यावर. दरवाजे, बॉनेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात; हलकं करण्यासाठी काही कापायचंच असेल तर ते काप, बाबांच्या गाडीचे दरवाजे जपून ठेव. ब्रेक, स्टिअरिंग, बेल्ट यांचा एकही भाग मात्र जुन्या बाजारातून नको. हत्यारं, कटिंग व्हील, पॉलिश पेपर यांसाठी नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारलीस की काम होईल.

कार्पेटखाली डांबरासारखे आवाजरोधक पट्टे चिकटवलेले असतात. त्यावर कोरडा बर्फ टाकला की ते कडक होऊन हातोडीच्या हलक्या ठोक्यानं सुटतात. हातमोजे घाल आणि दरवाजे उघडे ठेव, कारण बंद जागेत त्याच्या वायूनं माणूस गुदमरतो. पट्टे निघाल्यावर खरी गाडी दिसेल. वायपरखालच्या पन्हाळीच्या निचऱ्याची भोकं तुंबून पाणी आत आलेलं असतं, रनिंग बोर्ड आतून खाल्लेला असतो, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ. डॅशबोर्डखाली वायरिंगच्या कोपऱ्यात बारीक गाळ सापडला तर गाडी कधीतरी पाण्यात उभी होती असं समज आणि प्रत्येक अर्थिंग पॉइंट घासून साफ कर. सडलेला पत्रा कापून तिथं नवा पत्रा वेल्ड करायचा. फायबर आणि पुट्टी भरून वरून गुळगुळीत करून देणारे पुष्कळ भेटतील; केजचे पाय ज्या तळाला टेकणार तिथं असला तळ म्हणजे काहीच नाही.

आता तुझ्या फॅब्रिकेटरचा ग्रिलचा पाइप. ग्रिलचा पाइप म्हणजे पत्रा गुंडाळून शिवण मारलेली पातळ नळी. गाडी उलटली की ती दबते, शिवणीवर फाटते आणि तिचं टोक आत येतं. असा केज असण्यापेक्षा नसलेला बरा, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतोय. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघ एफआयएच्या नियमावलीत, परिशिष्ट 'जे'च्या कलम २५३ मध्ये, केजचं माप दिलंय: थंड ओढलेली, बिनशिवणीची कार्बन स्टीलची नळी, मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० ची २ मिलिमीटर जाडीची. बाकीचे भाग ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. पोलादाची ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल. नळी तापवून वाकवायची नाही, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे भार पातळ पत्र्यात भोक न पाडता पसरतो. बिनशिवणीची नळी कळंबोलीच्या लोखंड बाजारात विचार आणि टेस्ट सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. काम अशा माणसाकडून करून घे ज्यानं रॅलीच्या गाड्यांचे केज केलेत. त्याचा जुना केज जाऊन बघ. सांधे पूर्ण गोल वेल्ड झालेत का, छताकडची बाजू तशीच सोडलीय का, तिथं आरसा धरून बघ. वेल्डिंगआधी बॅटरी सोड, ईसीयू काढ, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. डोक्याजवळच्या पाइपांवर घट्ट फोमचं पॅडिंग, हेल्मेट घालूनसुद्धा. हार्नेसचे खांद्यावरचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेच्या खाली ४५ अंशांहून जास्त उतरायला नकोत. दहा अंशांच्या आसपास उत्तम. सीट आणि हार्नेसवर एफआयएची पाटी आणि मुदत असते, ती वाचूनच घे.

हे सगळं संपलं की रंग. आता कळलं असेल, आधी नारिंगी का नको ते. केज वेल्ड करताना आतला रंग जळतो, पत्रा बदलताना बाहेरचा, आणि ठिणग्या काचेतसुद्धा रुततात. आधीचा रंग म्हणजे वाया गेलेले पैसे.

मुंबईत रंगकामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धर. पावसाळ्यात उघडा पत्रा काही तासांत तांबूस होतो आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी सुरू झालेलं असतं. म्हणून जेवढा भाग एका दिवसात घासून होईल तेवढाच उघडा कर आणि त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर मार. घासलेल्या पत्र्याला उघड्या हातानं शिवू नकोस, घामातलं मीठ रंगाखाली राहतं आणि तिथूनच फुगा येतो. सांध्यांना सीलर. पुट्टी, आपले पेंटर तिला लांबी म्हणतात, ती पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. खोलगटपणा जास्त असेल तर डेंटरकडून पत्रा वर काढून घे. आपल्याकडे वॉटर पेपर पाण्यात बुडवून लांबी घासायची सवय आहे. तसं करू देऊ नकोस. लांबी स्पंजासारखी पाणी पिते, ते रंगाखाली अडकतं आणि पहिल्या पावसाळ्यानंतर बारीक फोड उठतात. लांबी कोरडीच घास, लगेच टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) सरफेसरनं, म्हणजे रंगाखालच्या भरणीच्या थरानं, झाक, पाणी त्यानंतर. सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मार आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घास. जिथं काळं राहिलं तिथं खोलगट आहे. हे घासकाम कंटाळवाणं आहे आणि रंगाचा सगळा दर्जा याच कामात ठरतो. आनंदाची गोष्ट म्हणजे ते तू स्वतः करू शकतोस आणि मजुरीतला मोठा भाग वाचवू शकतोस.

फवारणी मात्र बूथमधल्या पेंटरला दे. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं कायमचा दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोडासा फवाराही सोसत नाही. धुळीचा मास्क किंवा रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तुझ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तान्हं बाळ असेल, कुणाला आधीच दमा असेल. पार्किंगमध्ये टू-के मारायचा विचार डोक्यातून काढ. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग त्या मानानं सोपा वाटेल, पण दमट हवेत तो वाळताना पांढुरका होतो आणि पेट्रोलचा थेंब पडला की डाग धरतो. बूथवाल्याकडे गाडी घासून, मास्किंग करून, फक्त रंगासाठी ने आणि दोन गोष्टी बघ: पाणी काढणारा फिल्टर कॉम्प्रेसरजवळ नसून गनच्या अलीकडे आहे का, कारण हवा पाइपात थंड होताना तिथं पाणी सुटतं, आणि थिनर आपल्या उन्हाळी हवेचा, सावकाश उडणारा आहे का.

रंग नारिंगीच हवा असेल तर साधा, मेटॅलिक नको. मेटॅलिकचा टचअप जुळत नाही, आणि ट्रॅकच्या गाडीला टचअप लागतच राहतो. नारिंगी रंगाची झाकायची ताकद कमी असते. गडद सरफेसरवर मारलास तर चार हात देऊनही मळकट दिसेल. खाली पांढरा किंवा फिका थर दे. आतून केबिन आणि इंजिनाची जागा फिक्या करड्या रंगात ठेव, काळ्या नाही, म्हणजे वेल्डला गेलेली तड आणि ऑइलची गळती लगेच दिसते. आरसी चालू असतानाच रंग बदलणार असशील तर आरटीओत नोंद कर. उरलेल्या रंगाचा एक छोटा डबा घट्ट बंद करून ठेव, हार्डनर न मिसळलेला. रंगानंतरच्या पहिल्या ट्रॅक डेला बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि मागच्या चाकांच्या पुढे खडीनं टवके उडालेले दिसतील. जूनच्या आत ते घासून, प्रायमर लावून बुजव.